मुलींच्या हाती यंत्र द्या

भांगलण बाईने करावी, ओझे बाईने वाहावे. मग यंत्र आले की ते तेवढे पुरुषाचेच कसे, असे आम्ही विचारतो. १९७४ साली टेल्को कंपनीने इंजिनिअर मागविताना स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले. सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांस साधे पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. कंपनीस त्यांना कामावर घ्यावे लागले. आमच्या करवीरात तर शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या आरंभीच डॉक्टर कृष्णाबाई केळवकर यांस विलायतेस शिकावयास धाडले होते. तेव्हा बंधूंनो, मुलगी आयटीआयमध्ये टर्नर-फिटरचे काम शिकू म्हणेल तर आडवे येऊ नका. कारखानदारांनो, काम सारखे तर दामही सारखा द्या. हुंड्यासाठी कर्ज काढण्यापेक्षा लेकीस हत्यारे घेऊन देणे शहाणपणाचे!