दोराचं दुसरं टोक

आपल्या लोकांच्या तोंडी सेप्टिक टाकीला 'सेफ्टी टाकी' म्हणायची पद्धत आहे. मूळ शब्दाचा अर्थ कुजण्याशी, आणि जिभेवर बसला सेफ्टी. कंत्राटदारसुद्धा बिलावर तेच खरडतो : सेफ्टी टाकी साफ केली, एवढे एवढे रुपये. आता ही सेफ्टी कुणाची, ते जरा झाकण उघडून बघू.

डिसेंबर २०१९. मुंबईतले गोवंडी. खासगी हाउसिंग सोसायटी. टाकी उपसायला उतरलेले तिघे मेले. तिघांच्या बायका हायकोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितले की सरकारने प्रत्येकीला दहा लाख द्यावेत आणि मग जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करावेत. आता हा दहा लाखांचा निवाडा काही नवा नव्हता. सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१४ रोजीच सांगून ठेवले होते, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून. जे ताटात येऊन पडायला हवे होते त्यासाठी तीन विधवांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही रक्कम तीस लाख केली. मेलेल्याचा भाव वाढला. जिवंत उतरणाऱ्याचा किती वाढला, ते नाक्यावर जाऊन विचारा.

पण मित्रहो, आज भरपाईवर लिहायचे नाही. आज लिहायचे ते खाली काय होते त्यावर. आपण मोर्चात घोषणा देतो, 'गटारातले खून थांबवा'. बरोबर देतो. पण माणूस तिथे मरतो कसा, हे आपल्यातल्या निम्म्यांना धड सांगता येत नाही. बुडून मरतो असे वाटते. बहुतेक वेळा बुडायच्या आधीच खेळ संपलेला असतो.

बंद टाकीत मैला कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा गॅस निघतो. सडक्या अंड्यासारखा वास. हवेच्या दहा लाख भागांत एक भागही पुरा नसला तरी नाकाला कळतो. म्हणून माणूस नाकावर विसंबतो, आणि तिथेच फसतो. कारण हेच प्रमाण शंभराच्या घरात गेले की हा गॅस नाकच मारून टाकतो. वास येईनासा होतो. वरचा मुकादम विचारतो, "काय रे, वास हाय का?" खालून उत्तर येते, "न्हाई, गेला." गेला काय! वाढलाय! पाचशे-सातशेला माणूस मिनिटांत कोसळतो. हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांचे काम. वर हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी बसणारा. गाळात अडकून पडलेला असतो, फावडे मारले की भसकन सुटतो. म्हणून पहिली दहा मिनिटे काही होत नाही आणि वरच्याला वाटते, टाकी चांगली आहे.

दुसरा मिथेन. तो हलका. त्याला विडीची ठिणगी पुरते, हवेत पाच ते पंधरा टक्के असला की भडका. जुने लोक कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचे नाही. पण मिथेन असेल तर तोच कंदील घात करतो.

आणि तिसरा मारेकरी म्हणजे काहीच नसणे. बाहेरच्या हवेत प्राणवायू एकवीस टक्क्यांच्या जवळ. साडेएकोणीसच्या खाली धोका, दहाच्या खाली शुद्ध हरपते, सहाच्या आसपास काही श्वासांत माणूस आडवा. त्याला ना वास ना रंग. यासाठी मैलाही लागत नाही. बंद ओल्या टाकीत लोखंड गंजत असते आणि गंज प्राणवायू खात असतो. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार मजूर गुदमरून मेले, ते कसली टाकी साफ करताना? पाण्याची.

आता या तिन्हींपुढे आपल्या माणसाच्या हातात काय देतात? तोंडाला ओला रुमाल. फार झाले तर मेडिकलमधला मास्क. मास्क हवा गाळतो म्हणे. अरे, हवेत प्राणवायूच नाही तर गाळणार काय? पोटात नव्वद मारून उतरतात पुष्कळजण, कारण शुद्धीवर राहून त्या घाणीत छातीपर्यंत शिरणे माणसाला शक्य नाही. नंतर तीच नव्वद कामाला येते, मयत दारू प्यायलेला होता असे म्हणायला.

आणि मग दुसरा, तिसरा. बातमी नीट वाचत चला. पुष्कळदा एकटाच मरत नाही. एक खाली कोसळला की वरून भाऊ उडी मारतो, मेव्हणा मारतो, बाजूच्या टपरीवरला पोरगा मारतो. पहिल्याला कंत्राटाने मारलेले असते. पुढच्यांना मायेने. भाऊ खाली पडलेला दिसत असताना वर उभे राहायचे, उतरायचे नाही, हे सांगायला आमची जीभ रेटत नाही. तरीही सांगतो : उतरायचे नाही. दोर असेल तर ओढायचे, हवेचा पंप असेल तर सोडायचा, फायर ब्रिगेडला फोन लावायचा, बाकीची झाकणे उघडायची. श्वासाची टाकी पाठीवर असल्याशिवाय जो उतरेल तो वाचवणारा नव्हे, पुढचे प्रेत.

दोराचे काय सांगतो? दोर कायद्यात होता. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टाचे छत्तीसावे कलम काढून वाचा. कारखान्यातल्या टाकीत, खड्ड्यात, पाइपात, कुठल्याही कोंडलेल्या जागेत विषारी वायू असायची शक्यता असेल, तर जाणत्या माणसाने तपासून लेखी दाखला द्यायचा की जागा निर्धोक आहे. नाहीतर आत जाणाऱ्याला श्वासाचे यंत्र द्यायचे, पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोर, आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. अठ्ठेचाळीस साली लिहिलेले आहे हे! संविधान अजून पुरे व्हायचे होते, तेव्हा या देशाला ठाऊक होते की बंद टाकीत माणूस मरतो आणि तो कसा वाचतो. मग गोवंडीत दोर का नव्हता? कारण टाकी कारखान्यात नव्हती, सोसायटीच्या मागच्या अंगाला होती. आणि उतरणारा पगारी कामगार नव्हता. तो 'त्यांच्यातला' होता.

कुणाच्यातला, ते सरकारच्याच वहीत बघा. गटार आणि टाक्या साफ करणाऱ्यांची गणना केंद्राने सुरू केली. २०२४ पर्यंत जे अडतीस हजार नोंदले गेले त्यांत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे. जमाती आणि ओबीसी धरले तर ९२ च्या आसपास. गॅसला जात कळत नाही. गॅसकडे कुणाला धाडायचे ते ज्याला कळते, त्याला बरोबर कळते.

आता शब्दांचा जुगार बघा. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्याबरोबर गटारात आणि टाकीत 'धोकादायक सफाई' करवून घेण्यावरही बंदी घातली. पण धोकादायक म्हणजे काय? साधने न देता, खबरदारी न घेता केलेली. म्हणजे हातमोजे दाखवले की धोका संपला? आणि मैला वाहणे निराळे, गटारात मरणे निराळे! जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर आले की हाताने मैला साफ करण्यामुळे गेल्या पाच वर्षांत एकही मृत्यू नोंदलेला नाही. त्याच अधिवेशनात गटारात आणि टाक्यांत मेलेल्यांचा आकडाही आला, १९९३ पासून ९४१. एकाच खात्याची दोन तोंडे. आणि ते 'एकही नाही' सांगणारे राज्यमंत्री कोण? रामदास आठवले. पँथरच्या मांडवातून वर गेलेले. यावर आम्ही अधिक शाई घालवत नाही.

नंतर सरकारनेच २०२२ आणि २०२३ मधले ५४ मृत्यू तपासायला लावले. २०२५ मध्ये निष्कर्ष बाहेर आला : ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर संरक्षणाचे एकही साधन नव्हते. उरलेल्यांकडे हातमोजे. हातमोज्यांनी श्वास घेता येत असता तर ते वाचले असते. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईसह सहा महानगरांत माणूस गटारात उतरवण्यावर बंदी सांगितली. बंदी १९९३ ची आहे, २०१३ ची आहे, २०२५ ची आहे. आपल्याकडे बंद्यांचा तोटा नाही. तोटा दोराचा आहे.

इथवर वाचून ज्यांच्या मुठी वळल्या असतील त्यांनी थोडे थांबावे. पुढचे आपल्याबद्दल आहे.

१९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरने दलित कुणाला म्हणायचे ते मोठ्या छातीने लिहिले. अनुसूचित जाती, जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया, सगळे शोषित. व्याख्या अशी रुंद, आणि नाक्यावर गटारात मेलेला मेहतर, वाल्मीकी, मातंग निघाला की आपल्या फळ्यावर त्याचे नाव येत नाही. "ते आपल्यातले नव्हेत, ते तर अजून देव पुजतात," हे वाक्य आम्ही आमच्याच बैठकीत ऐकले आहे. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडायला सांगितले. आम्ही सोडले, गाव सोडले, शिकलो. चांगले झाले. पण आपण सोडलेली घाण कुणीतरी उपसतोय हे विसरायला बाबासाहेबांनी सांगितलेले नव्हते.

आणि आणखी एक, दुखणारे. आपली पोरे आता फ्लॅटात राहतात. कुणी सोसायटीत सेक्रेटरी, कुणी खजिनदार. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि पावसाळ्यापूर्वी टाकी उपसायचा ठराव आला की सगळ्यांत कमी भावाच्या कोटेशनवर सही. गाडीवाला यंत्राचे इतके सांगतो, नाक्यावरचा त्याच्या चौथ्या हिश्श्यात दोन माणसे उतरवतो. सही करणारा म्हणतो, "आपण काय, कंत्राट दिलंय." दोस्ता, २०१३ च्या कायद्यात शब्द आहेत 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष'. म्युन्सिपाल्टी असो, कंपनी असो, खासगी माणूस असो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर पाच वर्षे, पाच लाख. गुन्हा अजामीनपात्र. कंत्राट देऊन हात धुता येत नाहीत.

तर कामाचे बोलू. आधी यंत्र. सक्शनची गाडी, जेटिंगची गाडी. "गल्लीत गाडी शिरत नाही" हे उत्तर घ्यायचे नाही, नळी लांब करता येते. यंत्राने होणारच नाही असे कुणी म्हणाले तर महापालिकेच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची कारणांसह लेखी परवानगी दाखव म्हणायचे, नियमात तशी तरतूद आहे. आणि तरीही उतरवायचेच ठरले, तर झाकणे बराच वेळ आधी उघडी, आतला गॅस यंत्राने मोजलेला, तोही वर, मध्ये आणि तळाला, कारण प्रत्येक गॅस वेगळ्या उंचीवर राहतो. हवा फेकणारा पंप सतत चालू. पाठीवर किंवा नळीने श्वासाची हवा. अंगभर पट्टा, वर तिपाई आणि चाक, म्हणजे बेशुद्ध माणूसही कुणी खाली न उतरता ओढता येतो. आणि वरचा माणूस जागचा हलायचा नाही. चहा आणायलासुद्धा नाही. यातले एक नसेल तर काम बंद.

नाक्यावरचा माणूस एवढे मागू शकत नाही. मागितले तर उद्या त्याच्या जागी दुसरा. म्हणून मागायचे आपण.

यंदा ज्यांच्या सोसायटीत, चाळीत, हापिसात टाकी उपसायची आहे, त्यांनी कंत्राटाचा कागद घेऊन आमच्याकडे यावे. उतरणाऱ्यांची नावे त्यात आहेत का, गॅस मोजायचे यंत्र कुणाचे, तिपाई कुणाची, दोर धरायला कोण, हे मिळून वाचू. जिथे उत्तर नसेल तिथे त्या दिवशी सकाळी कंत्राटदाराच्या आधी पोचायचे आणि दहाजणांनी झाकणावर बसायचे.

जय भीम.