विद्यार्थ्याच्या हाती हिशेबाची वही हवी

जून महिना उजाडला की मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून हजारो मुले-मुली उच्च शिक्षणासाठी पुण्याची वाट धरतात. खोलीचे भाडे, खाणावळ, अभ्यासिकेचे शुल्क यांची बेरीज करून आई-वडील दरमहा पैसे पाठवितात. कोणी त्यासाठी सोयाबीन विकलेले असते, कोणी पतपेढीचे कर्ज काढलेले असते. अशा घरातून येणारी रक्कम म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव होय. ती कशी सांभाळावी, हे मात्र त्या मुलाला बहुधा ना शाळेने शिकविलेले असते, ना घराने.

पूर्वी पाकिटातील नोटा विरळ होऊ लागल्या की हात आपोआप आखडत असे. २०१६ साली यूपीआय आले आणि ही खूण पुसली गेली. सोय मोठी आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु पैसा दिसेनासा झाला की खर्चही दिसेनासा होतो. रोजचे ३० रुपये अनावश्यक गेले, तर वर्षाचे सुमारे ११ हजार होतात आणि पदवीच्या तीन वर्षांत सुमारे ३३ हजार.

याहून गंभीर प्रश्न उसनवारीचा आहे. मोबाईलवर काही मिनिटांत मिळणाऱ्या कर्जावर ‘दरमहा फक्त तीन टक्के’ असे लिहिलेले असते. वर्षाला ते ३६ टक्के होतात, हे ध्यानात येत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा कर्जांसाठी नियम घालून दिले. सर्व आकार धरून होणारा वार्षिक दर आधी लेखी सांगणे आणि ठरावीक मुदतीत दंडाविना कर्ज परत करण्याची मुभा देणे सावकारी कंपनीवर बंधनकारक झाले. पण हे हक्क ठाऊक असलेले विद्यार्थी किती?

झटपट श्रीमंतीचा मोहही तितकाच घातक. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांच्या पदरी तोटा आला. २०२३-२४ मध्ये या व्यक्तींपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. खाणावळीच्या पैशांवर खेळलेला हा डाव शेवटी बापाच्या शेतावर येऊन आदळतो.

‘हाती उरतेच काय, म्हणून साठवायचे?’ असा प्रश्न विचारला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. ज्याचे महिनाअखेरचे दोन घास हुकतात, त्याला बचतीचा उपदेश करणे ही क्रूरता ठरेल. त्याला हवा तो आधार. आपल्या समाजाने तो पूर्वी दिलेला आहे. वार लावून जेवणारी मुले याच पुण्यात शिकली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजवून गरीब मुलांना स्वाभिमानाने शिकण्याचा मार्ग दाखविला. पुणे विद्यापीठातील याच नावाची योजना त्यांचेच नाव धारण करते. श्रमाने मिळविलेला रुपया खर्चताना माणूस दोनदा विचार करतो, हे त्या शिक्षणाचे मोठे फलित होय.

ज्यांना थोडेफार शक्य आहे, त्यांनी मात्र आरंभ वहीपासून करावा. रोज रात्री दिवसाचा खर्च स्वतःच्या हाताने लिहावा. उरले तर साठवू, ही वृत्ती सोडून पैसे येताच थोडी रक्कम बाजूला काढावी; टपाल कार्यालयाचे आवर्ती ठेव खाते दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते. शैक्षणिक कर्ज असेल, तर शिकत असतानाही व्याज साचत असते, हे विसरू नये. जमेल तेवढे व्याज आताच भरल्यास नोकरीच्या पहिल्या दिवशी डोक्यावरचा भार हलका असेल.

पालकांनीही पैसे पाठवून मोकळे होऊ नये. घराचे उत्पन्न, देणी आणि अडचणी मुलांसमोर मोकळेपणाने मांडाव्यात. वसतिगृहांनी वर्षारंभी एक संध्याकाळ या विषयासाठी राखून ठेवावी. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच. पण त्यासाठी अंथरूण केवढे आहे, हे आधी मुलांना कळायला हवे.