कांद्याच्या पट्टीत आपलं नाव कुठाय?



कांद्याचा भाव पडला की चाकणचा चौक बंद होतो. मजुरीचा भाव बारा महिने पडलेला असतो, त्याच्यासाठी कधी एक सायकलसुद्धा थांबली नाही. या एका गोष्टीवर मला भांडायचंय. आणि पहिलं भांडण तुमच्याशी आहे, पाटलाशी नंतर.

आपल्या पोरांचे दोन गट पडलेत. एक गट म्हणतो, शेतकऱ्यांची आंदोलनं म्हणजे वाडेवाल्यांचा तमाशा. त्यांचं ते बघतील, आपण कशाला मधे पडायचं? दुसरा गट निळा गमछा गळ्यात घालून त्यांच्या मोर्च्याच्या शेवटच्या रांगेत उभा राहतो, घसा फोडून घोषणा देतो आणि संध्याकाळी मुकाट वस्तीत परत येतो. पहिल्याला बाजार कळत नाही. दुसऱ्याला स्वतःची किंमत कळत नाही.

आधी खरं ते खरं म्हणू. शरद जोशी नावाचा माणूस स्वित्झर्लंडमधली मोठ्या पगाराची नोकरी सोडून आला आणि १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसला. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. १९८० मध्ये कांद्यासाठी चाकणला पुणे-नाशिक रस्ता अडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिककडं ऊस-कांद्याचं आंदोलन पेटलं, खेरवाडीला रेल्वे अडली, पोलिसांच्या गोळीला दोन शेतकरी बळी पडले. मागणी एकच : उत्पादन खर्चावर भाव द्या. सांगणं एकच : शहराला स्वस्तात खाऊ घालायला सरकार शेतमाल लुटतं.

हे सांगणं खोटं नव्हतं. आजही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला बंदी उठवली ती पुन्हा ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ ला कुठं संपलं. भाव चढला की सरकारला गिऱ्हाईक आठवतं. कांदा रस्त्यावर ओतायची वेळ येते तेव्हा त्याला काहीच आठवत नाही.

आणि या लुटीत आपण बाहेरचे नाही. मी भोसरीच्या बाजूला एका रोलिंग मिलमध्ये कंत्राटावर आहे. माझी आय खेड तालुक्यात कांद्याच्या लावणीला, काढणीला, काटणीला जाते. तिला सांगतात, कांद्याला भाव न्हाई, मजुरी कुठून वाढवू? मला सांगतात, एवढ्या पगारात भागतं की, भाकर-कांदा महाग आहे का? म्हणजे भाव पडला म्हणून आयचं मोल कमी आणि कांदा स्वस्त म्हणून पोराचं मोल कमी. एकाच कांद्याच्या दोन टोकांना आपलीच माणसं सोलली जातात. मधला मलिदा गिरणीमालक खातो, साठेवाला खातो, निर्यातदार खातो. म्हणून मी म्हणतो, कांद्याला भाव मिळालाच पाहिजे. निर्यातबंदी आपलीही शत्रू आहे. पहिल्या गटानं हे नीट डोक्यात घ्यावं.

आता दुसऱ्या गटाकडं येतो.

चाकणच्या बाजाराला महात्मा फुल्यांचं नाव आहे. तिथं लिलाव झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. पट्टीत काय काय असतं? वजन असतं. भाव असतो. हमाली असते, तोलाई असते. गाडीभाडं असतं. उचल घेतली असेल तर ती कापलेली असते. हमालाचं मोल पट्टीत आलं ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडी उभे केले, बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, रस्त्यावर भांडण झालं, तेव्हा कुठं १९६९ चा माथाडी कायदा आला. पाठीवर गोणी वाहणाऱ्याला मंडळ मिळालं, फंड मिळाला, सुट्टीचा पगार मिळाला.

पण गोणी भरेपर्यंत जे घडलं त्याचं काय? रोप कुणी लावलं? खुरपलं कुणी? उन्हात बसून एकेका कांद्याची पात आणि मुळ्या कुणी काटल्या, गोल्टी बाजूला कुणी काढली, चाळीत कुणी भरला? ती बाई पट्टीत नाही. उक्तं घेतलं तर मुकादम मोजताना दोन पाट्या गिळतो, रोजानं गेलं तर बाईचा रोज गड्याहून कमी. तिला फंड नाही, हजेरी नाही, कुठल्या वहीत नावसुद्धा नाही. आणि ही बाई कोण आहे ते मी सांगायला पाहिजे का? ती बौद्धवाड्यातली आहे, मातंग वस्तीतली आहे, ठाकराच्या, कातकऱ्याच्या पाड्यावरची आहे.

बाजार समितीचा कायदा १९६३ चा. तिच्या संचालक मंडळाच्या १८ जागा मोजा. सोसायट्यांच्या मतदारसंघातून ११, ग्रामपंचायतीच्या ४, आडते-व्यापाऱ्यांच्या २, हमाल-मापाड्यांची १. ग्रामपंचायतीच्या चारांतली एक अनुसूचित जाती-जमातीला. सोसायटीचा सभासद व्हायचं तर नावावर सातबारा लागतो. सातबारा नाही त्याला सोसायटी नाही, सोसायटी नाही त्याला त्या ११ जागांत मत नाही. शेतमजुराची जागा किती? शून्य. च्यायला, २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी. जे जास्त आहेत त्यांना शून्य!

आता म्हणतील, शेतकऱ्याला भाव मिळाला की मजुराची मजुरी आपोआप वाढते. संघटनेनं हेच सांगितलं. भारत विरुद्ध इंडिया, गाव विरुद्ध शहर अशी मांडणी केली. अरे, पण गावाच्या आत एक गावकूस आहे, ते कुठं गेलं? भाव आपोआप झिरपत खाली येत असता तर बागाईत पट्ट्यातल्या मजुराची घरं माडीची झाली असती. मजुरी आपोआप वाढत नाही. मजुराला दुसरीकडं जायची वाट असली तरच ती वाढते. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी आली, १९७७ ला तिचा कायदा झाला, तेव्हा बायाबापड्यांना पहिल्यांदा पाटलाला 'न्हाई येत' म्हणता आलं. तेव्हापासून गावोगाव एकच बोंब : मजूर मिळत नाही, मजूर माजले.

ती बोंब दिल्लीनं ऐकली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ चा रोजगार हमी कायदा मोडीत काढून नवा केला. कागदावर १०० दिवसांचे १२५ केले. आणि खाली कलम घातलं की पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाकाठी ६० दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवायची. समजलं का? ज्या दिवसांत मजुराला चार पैसे जास्त मागता येतात, नेमक्या त्याच दिवसांत त्याची दुसरी वाट बंद. कांदा काढायला या, आम्ही देऊ ते घ्या. शेतकऱ्याचा भाव पाडायला सरकारकडं निर्यातबंदी आहे. मजुराचा भाव पाडायला ही रोजगारबंदी आहे. पहिल्या बंदीवर अग्रलेख निघाले. दुसरीवर चावडीत कुणी हूं की चूं केलं नाही.

यात छोट्या शेतकऱ्याचंही नुकसान आहे, ते त्याला आपणच सांगायला पाहिजे. केंद्राचा कृषी मूल्य आयोग पिकाचा खर्च मोजतो तेव्हा मजुरी हा त्यातला मोठा आकडा असतो. मजुरी दाबली की खर्च कमी दिसतो. खर्च कमी दिसला की भावही कमी ठरतो. कांदा तर हमीभावाच्या यादीतच नाही, पण खर्चावर भाव मागायचा म्हटलं की हिशोब तोच. मजुराच्या पोटाला चिमटा काढणारा एकर-दोन एकरवाला स्वतःच्याच भावाचा पाया खणतो. त्याची बायको आणि पोरंही त्याच वावरात राबतात, त्यांचं मोलही त्याच दरानं धरलं जातं.

मग बाजार मोकळा करायचा की बांधायचा? यावर गेली कैक वर्षं शहाण्यांची कुस्ती चाललीय. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. आडत गेली ते चांगलंच झालं, आडत्यासाठी मी रडणार नाही. पण आवाराबाहेर सौदा गेला की गोणी उचलणाऱ्याच्या हमालीचा हिशोब कोण ठेवणार, हे कुणी विचारलं? बांधलेला बाजार आडत्याच्या खिशात, मोकळा बाजार कंपनीच्या खिशात. आपण दोन्हीकडं उघडेच.

सप्टेंबर २०२० आठवा. एकाच अधिवेशनात दिल्लीनं दोन जुड्या मंजूर केल्या. एक जुडी तीन कृषी कायद्यांची. दुसरी जुडी तीन कामगार संहितांची, चौथी वेतनाची २०१९ लाच झाली होती. शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसले. थंडीत मेले, पण उठले नाहीत. नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कृषी कायदे सरकारला गिळायला लागले. आणि कामगार संहिता? त्या फडताळात तशाच राहिल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मानेवर येऊन बसल्या. पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण... एवढा मोठा कामगारांचा पट्टा. गेटवर एक-दोन सभा झाल्या, पत्रकं वाटली, घरी गेलो. शेतकऱ्याच्या मोर्च्यात घोषणा द्यायला आपली पोरं होती. स्वतःच्या कायद्यासाठी वर्षभर बसायला कोण होतं?

बाबासाहेबांचा फोटो आपण प्रत्येक पत्रकावर छापतो. त्यांचं अर्थशास्त्र कधी वाचणार? १९१८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. म्हणणं सरळ आहे. तुकडा लहान आहे हा खरा रोग नव्हे. जमिनीवर नुसती माणसं लादलीत आणि भांडवल नाही, हा रोग आहे. जादा माणसं कारखान्यात घ्या, शेतीवरचं ओझं उतरेल. पाटील-शेटजींना वाटतं, बाबासाहेब म्हणजे फक्त राखीव जागा. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध कुणबी आणि महार शेतकऱ्यांना एकत्र घेऊन मुंबईच्या कौन्सिलवर गेला होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला गिरणी कामगारांचा संप केला. भाव, जमीन आणि मजुरी हे तिन्ही प्रश्न एकाच झेंड्याखाली होते.

आपल्या पट्ट्यात कारखाना आला. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ ला एमआयडीसी झाली. मग भोसरी, आकुर्डी, पुढं चाकण. १९१८ चा उपाय आपल्या दारात येऊन उभा राहिला, पण अर्धाच. जमीन गेली त्याला मोबदला मिळाला, कमीजास्त का होईना. त्याच जमिनीवर दोन-तीन पिढ्या राबलेल्या मजुराला काय मिळालं? एमआयडीसीचा १९६१ चा कायदा मालक ओळखतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं तीन वर्षं राबलेल्या शेतमजुरालाही बाधित म्हटलं, तोवर या पट्ट्यातली निम्मी वावरं शेडखाली गेली होती. शेतातला रोज गेला आणि कारखान्यात ठेकेदाराचा पोरगा म्हणून उभा राहिला. ओझं शेतीवरनं उतरलं, आपल्या पाठीवर तसंच राहिलं.

१९४७ मध्ये बाबासाहेबांनी घटनेसाठी आराखडा लिहिला : शेती राज्याच्या मालकीची, गावकऱ्यांनी ती जातपात न बघता मिळून कसायची, म्हणजे कुणी जमीनदार नाही, कुळ नाही, भूमिहीन मजूर नाही. तो आराखडा तिथंच राहिला. १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, देशभर लाखो माणसं तुरुंगात गेली. जमिनीबरोबर किमान मजुरीची मागणीही त्यात होती. ही आपली परंपरा आहे. दुसऱ्याच्या मोर्च्यात शेवटच्या रांगेत उभं राहायची आपली परंपरा नव्हे.

म्हणून यापुढं शेतकऱ्यांच्या कुठल्याही आंदोलनाला आपला पाठिंबा फुकट नाही. अटी अशा :

एक. उत्पादन खर्चाच्या मागणीत मजुरी धरायची ती कायद्याच्या किमान वेतनानं, बाईगड्याला सारखी. आणि मागितली तेवढी द्यायची.

दोन. बाजार समितीत शेतमजुरांच्या जागा, त्यातल्या निम्म्या बायांच्या. काटणी, निवडणी करणारीची नोंद माथाडी मंडळासारख्या मंडळात, आणि सौद्यावर तिच्या फंडासाठी पट्टीत एक ओळ.

तीन. रोजगार हमीची ६० दिवसांची बंदी रद्द. शेतकऱ्यांच्या संघटनांनी हे स्वतःच्या निवेदनात लिहून द्यावं.

चार. गायरान कसणाऱ्याच्या नावावर. एमआयडीसीला जमीन जाईल तिथं मजुरालाही मोबदला आणि गेटच्या आत कायम नोकरी.

पाच. निर्यातबंदी नको, ही मागणी आपलीही. ती आपण मागच्या रांगेतनं नाही, मंचावरनं करू.

मान्य असेल तर चाकणचा चौक आपण मिळून अडवू. मान्य नसेल तर काढणीच्या हंगामात वावरात कोण उतरतं ते बघू. हत्यार त्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे, आपल्याकडं विळा आहे. आणि विळा खाली ठेवला की कांदा स्वतःहून गोणीत जात नाही.

पोरांनो, पुढच्या रविवारी भाषण करू नका. वही घ्या आणि आपल्या वस्तीतल्या किती बाया काटणीला जातात, पाटीला काय दर मिळतो, कुणाचे किती थकलेत, हे घरोघर लिहून आणा. पट्टीत आपलं नाव कुणी घालणार नाही. आधी आपल्या वहीत तरी घालू.

जय भीम!