विश्लेषण : घरच्या घरी इपॉक्सीचा साचा… नवख्यांचे काम कुठे बिघडते?

मिठाईच्या खोक्यातला कप्प्याकप्प्यांचा ट्रे, भिंतीवरचे नक्षीचे पॅनल, नाटकातले चिलखत किंवा मुखवटा… या सगळ्यांमागे बहुतेक वेळा एकच तंत्र असते, व्हॅक्यूम फॉर्मिंग. लाकडी चौकट, हीटर आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर एवढ्या सामानात त्याचे छोटे यंत्र उभे राहते. ‘घरबसल्या उद्योग’ म्हणून त्याकडे पाहणाऱ्यांची पहिली गाठ मात्र यंत्राशी नव्हे, साच्याशी पडते. साच्यासाठी सुचवले जाणारे इपॉक्सी रेझिन सोपे आहे, असे सांगणाऱ्यांनी अर्धेच सांगितलेले असते.

वर्तकनगरशी याचा संबंध काय?

पोखरण रस्त्यावर रेमंडची गिरणी होती, १९२५ मध्ये स्थापन झालेली. पलीकडे वागळे इस्टेट. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. डाय, पॅटर्न, जिग हे शब्द इथल्या म्हाडाच्या इमारतींत घरचेच होते. गिरणी गेली, कारखान्यांच्या जागी मोठमोठे टॉवर आणि कार्यालये आली. साचा बनवण्याची विद्या मात्र कोणी लिहून ठेवली नाही. ती कारागिरांच्या हातात होती आणि त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली. आज त्याच इमारतीतल्या मुलाला साचा ओतायचा असेल तर तो मोबाइलवर व्हिडीओ पाहतो.

ही प्रक्रिया चालते कशी?

प्लास्टिकचा पत्रा चौकटीत घट्ट धरून तापवतात. तो मऊ होऊन मध्यभागी झोळ खाऊ लागला की साच्यावर उतरवतात आणि खालून हवा ओढून घेतात. खरा जोर लावते ती वरची हवा. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. म्हणजे ३० बाय ३० सेंटिमीटरच्या पत्र्यावर पूर्ण निर्वात केल्यास सुमारे ९०० किलो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर याच्या पाचवा हिस्सा गाठतो. तरी दीडशे-पावणेदोनशे किलो झालेच. पोकळ, कच्चा साचा एवढ्यातही चिरडतो.

इपॉक्सीच का?

सुरुवात लाकडाने किंवा प्लास्टरने करणे केव्हाही शहाणपणाचे. दहा-वीस नग काढायचे तर प्लास्टर पुरते. पण त्याचे कोपरे ढलपतात आणि ओलावा राहिला तर गरम पत्र्याखाली वाफ होऊन फोड येतात. इपॉक्सी सुकताना फारसे आक्रसत नाही, बारीक नक्षी जशीच्या तशी उचलते आणि अनेक नग सहन करते. दोष उष्णतेचा. इपॉक्सी उष्णतेचे वाहक म्हणून फारच मंद. ॲल्युमिनियम त्याच्या हजारपट चांगले. पत्रा येतो १४०-१५० अंशांच्या आसपास, तर खोलीच्या तापमानाला सुकलेले साधे इपॉक्सी अनेकदा ५०-६० अंशांनाच मऊ पडू लागते. पहिल्या चार नगांना काही होत नाही. लागोपाठ पंधरावा नग ओढला की कडा बसते. म्हणून रेझिनमध्ये ॲल्युमिनियमची पावडर मिसळायची, दोन नगांमध्ये साचा थंड होऊ द्यायचा, आणि सुकल्यानंतर पुरवठादाराच्या तक्त्याप्रमाणे हळूहळू तापवून तो पक्का करायचा. ही शेवटची पायरी व्हिडीओत हमखास गाळलेली असते.

पहिला साचा कुठे फसतो?

बहुतेकदा वजनकाट्यावर. फायबरग्लासच्या गाळ्यात काम केलेला एखादा अनुभवी माणूस सल्ला देतो, ‘हार्डनर थोडा जास्त टाक, लवकर सुकेल.’ त्याचे पॉलिएस्टर रेझिनपुरते खरे असते. तिथे टाकायचा द्रव फक्त प्रक्रिया सुरू करून देतो, थोडे कमी-जास्त चालते. इपॉक्सीत हार्डनर स्वतः त्या जाळ्याचा भाग बनतो. जास्त झाला तर उरलेला आत तसाच राहतो आणि साचा कायमचा मऊ, चिकट. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत परिचित असलेल्या एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ या जोडीचे प्रमाण वजनाने १०० ला १० च्या आसपास. अर्धा किलो रेझिनला ५० ग्रॅम हार्डनर, म्हणजे पाच ग्रॅमची चूक ही दहा टक्क्यांची चूक. चमच्याने किंवा अंदाजाने हे होत नाही. शिवाय प्रत्येक जोडीचे प्रमाण वेगळे, कुठे वजनाने, कुठे मापाने. डब्यावरचेच पाळावे.

दुसरी गफलत एकदम ओतण्याची. समजा साचा २० बाय १५ सेंटिमीटर आणि चार सेंटिमीटर उंच आहे. भरीव ओतला तर सुमारे १३०० ग्रॅम माल लागतो. सुकण्याच्या प्रक्रियेतच उष्णता तयार होते आणि जाड थरात ती बाहेर पडू शकत नाही. तापमान वाढले की प्रक्रिया वेगवान, त्यातून आणखी उष्णता… ठाण्याच्या मे महिन्यात असे भांडे धुमसू लागते, प्लास्टिकचा मग वितळतो, साच्याला तडे जातात. त्याऐवजी आठ-दहा मिलिमीटरचे कवच थराथराने भरावे आणि मागे कोरडी वाळू थोड्या रेझिनमध्ये कालवून दाबावी. माल अर्ध्या किलोच्या आसपास येतो, आणि अशी भर सच्छिद्र राहिल्याने हवाही सुटते.

उरलेले दोष आकाराचे. उभ्या भिंतींना तीन ते पाच अंशांचा उतार हवा, नाही तर थंड होताना आवळलेला पत्रा साचा सोडतच नाही. कोपऱ्यात आणि नक्षीच्या खोलगट जागी एक मिलिमीटरपेक्षा बारीक भोके हवीत. मोठी पाडली तर प्रत्येक नगावर पुटकुळी उमटते. मास्टरवर मेणाचे हात देऊन चोळायला कंटाळा केला, तर मास्टर आणि साचा दोन्ही एकमेकांत कायमचे अडकतात. असे एकदा तरी होतेच.

आणि पाऊस. मखराची, सजावटीची कामे आषाढ-श्रावणात अंगावर येतात, नेमक्या त्याच वेळी हवेत ओल सर्वाधिक. दमट हवेत हार्डनर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पृष्ठभागावर तेलकट, पांढुरकी साय धरतो. त्यावर दुसरा थर चिकटत नाही. कोमट पाणी, साबण, मग पॉलिश पेपर असा उपाय आहे. पण साच्याचे काम माघातच उरकणे उत्तम.

हे काम खोलीत करावे का?

इथे स्पष्ट बोलायला हवे. एका खोलीच्या घरात, जिथे स्वयंपाकही होतो आणि मुलेही झोपतात, तिथे करू नये. इपॉक्सीचा वास पॉलिएस्टरइतका उग्र नसतो, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. पण रेझिन आणि हार्डनर वारंवार त्वचेला लागले तर ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. मग थेंबभर मालानेही हात सुजतात. ज्या धंद्यासाठी पैसे घातले तोच सोडावा लागतो. नायट्रिलचे हातमोजे, वाहती हवा, घासताना मास्क एवढे किमान. हात ॲसिटोनने धुण्याची सवय तर घातकच, त्याने माल त्वचेत आणखी मुरतो. उरलेले रेझिन मोरीत न ओतता पूर्ण सुकवून मगच टाकावे. सुट्ट्या बाटलीत विकल्या जाणाऱ्या मालावर यातले मराठीत काही लिहिलेले नसते. विक्रेत्यांवर याची सक्ती व्हायला हरकत नाही.

मग करायचे कुठे? ठाण्याची आयटीआय वागळे इस्टेटच्या परिसरातच आहे, वर्तकनगरहून रिक्षाने जाण्याइतकी जवळ. संध्याकाळी एखादे वर्कशॉप नाममात्र शुल्कात नवशिक्यांना उघडे ठेवायचे आणि निवृत्त पॅटर्नमेकरला आठवड्यातून दोन दिवस मानधन देऊन तिथे बसवायचे, तर खर्च फार नाही. स्वयंरोजगाराची भाषणे वर्षभर चालतात. काटा, एक्झॉस्ट पंखा आणि चुका दाखवणारा माणूस यांची तरतूद त्यांत क्वचितच असते.

थर्माकोलला हा पर्याय ठरेल?

सजावटीचे थर्माकोल राज्याच्या २०१८ च्या बंदीत आले, पुढे जुलै २०२२ पासून केंद्राच्याही यादीत. तेव्हापासून ओढून काढलेली पॅनल ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकली जाताना दिसतात. त्यांत सर्रास वापरला जाणारा ‘हिप्स’चा पत्रा म्हणजेही पॉलिस्टायरिनच, थर्माकोलचाच फुगवलेला नसलेला भाऊ. तेच पॅनल मंडळाने सात-आठ वर्षे वापरले आणि कातरलेले तुकडे वेगळे करून परत पत्र्यासाठी दिले, तर हिशेब बदलतो. इपॉक्सीचा जुना साचा मात्र वितळवून पुन्हा ओतता येत नाही.