परदेशी शिकलेला डॉक्टर आणि घरचा रोगी

रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया आदी देशांत आपली हजारो मुले वैद्यक शिकतात. शिकवणे इंग्रजीत, पण खाटेवरच्या म्हातारीला इंग्रजी कोठले? ‘कुठे दुखते?’ एवढे विचारावयासही तिची भाषा अडखळत शिकावी लागते. काही जण दुभाष्याआड वेळ मारून नेतात, हेही खरे. परंतु जो शिकतो, त्याला शब्दावाचून अडलेल्या माणसाची अगतिकता स्वानुभवाने कळते. माणुसकीचा एवढा रोकडा पाठ व्याख्यानांतून मिळत नाही (हे आम्ही मास्तरकीच्या अनुभवाने सांगतो!).

मायदेशी परतताच २००२ पासूनची चाळणी परीक्षा त्याला ३०० बहुपर्यायी प्रश्न घालते. ती सैल करावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण या दुसऱ्या कमाईचे पुढे काय? डॉ. रखमाबाई १८९४ साली लंडनचे शिक्षण पुरे करून आल्या आणि सुरतेस गुजराती स्त्रियांची सेवा करू लागल्या. आज भामरागडकडच्या माडिया बोलणाऱ्या बाईचे दुखणे समजून घेणारा डॉक्टर हवा आहे. बिश्केकमध्ये रशियन शिकलेल्याला माडिया अवघड वाटू नये. अशा इच्छुकांना इंटर्नशिपचे काही महिने सरकारने तेथे नेमावे, भाषेचा शिक्षक द्यावा आणि विद्यावेतनात हात आखडता घेऊ नये.