नाव काढायचे, पण कसे?

'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवे नाही. पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या हळद्या रोगापुढे टिकणारे हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठातले. त्यामागे कोण होते, हे आज कोणालाही शोधता येते. जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी ही रोगप्रतिकारशक्ती एका पिढीतून पुढच्या पिढीत कशी उतरते, यावरचा निबंध १९८१ मध्ये 'थिअरॉटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९८६ मध्ये 'हॉर्टसायन्स'मध्ये खुद्द वाणाची माहिती दिली. घरोघरी इंटरनेट यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण जगाच्या पाठीवरचा भेंडीचा अभ्यासक आजही त्या निबंधांपर्यंत पोहोचतो.

'पोराने नाव काढले' असे आपण कौतुकाने म्हणतो. संशोधनात नाव काढणे म्हणजे नेमके हेच: काम कोणाचे ते सापडणे आणि त्याबद्दल प्रश्न विचारता येणे. पदव्युत्तर वर्गातल्या मुलामुलींना मात्र निराळाच अर्थ शिकवला जातो. निबंध किती, प्रमाणपत्रे किती, परिषदा किती, याची मोजणी. पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये काढली. तरी नोकरी आणि बढतीच्या वेळी मोजणी चालूच राहते.

या मोजणीवर पोट भरणारी नियतकालिके आहेत. पैसे भरा, चार दिवसांत निबंध छापून घ्या. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या वतीने जॉन बोहॅनन या पत्रकाराने कर्करोगावरच्या औषधाचा एक बनावट, ढोबळ चुकांनी भरलेला निबंध ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. आपल्याकडे आयोगाने २०१८ मध्ये मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळली. त्यांत निबंध छापलेल्या विद्यार्थ्यांपैकी सगळेच लबाड नव्हते. अनेकांना कोणी सांगितलेच नव्हते. आणि हा प्रश्न विद्यार्थ्यापुरता राहत नाही. उद्या एखादा डॉक्टर मोबाइलवर उपचार शोधताना असाच निबंध खरा मानतो, तेव्हा किंमत रुग्ण मोजतो.

दुसरी अडचण साधी, पण खास आपली. निबंधावर नाव छापले जाते ते आडनाव आणि आद्याक्षरांनी. जाधव, शिंदे, पवार, देशमुख अशी आडनावे आणि तीच ती आद्याक्षरे असलेली माणसे मराठवाड्यात शेकड्यांनी भेटतील. त्यात लग्नानंतर मुलीचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते. एमएस्सीचा निबंध एका नावावर, पीएचडीचा दुसऱ्या. जगाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका ठरतात आणि पहिलीचे काम दुसरीच्या खाती जमा होत नाही. संस्थांचेही तसेच. १९७२ साली स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झाले. कोणी जुने नाव लिहितो, कोणी नवे, कोणी नुसती आद्याक्षरे. काम विखुरते.

यावर उपाय फुकट आहे. २०१२ पासून 'ऑर्किड' हा संशोधकाचा सोळा अंकी क्रमांक कोणालाही मोफत घेता येतो. आडनाव बदलो, संस्था बदलो, क्रमांक तोच राहतो. पहिल्या वर्षीच तो घ्यावा, नाव कसे लिहायचे ते एकदाच ठरवावे आणि संस्थेचे पूर्ण नाव लिहावे. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात न ठेवता 'शोधगंगा' किंवा कृषी क्षेत्राच्या 'कृषिकोश'वर जाईल, याचा पाठपुरावा करावा. पत्ता असा द्यावा, की पाच वर्षांनी कोणी शंका विचारली तर उत्तर मिळेल.

याचे महत्त्व एका भाकरीवरून पटावे. लोह आणि जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण इक्रिसॅट आणि याच विद्यापीठाच्या सहकार्यातून २०१८ मध्ये आले. किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह. पण दाण्यातले लोह आणि रक्तात पोहोचणारे लोह यांत फरक असतो. धान्यातले फायटेट ते अडवून धरते. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी नेमके हेच तपासले आणि तो प्रबंध कपाटात पडून राहिला. मग रक्तक्षय झालेल्या गरोदर बाईला आहार सांगणाऱ्या डॉक्टरला त्याचा काय उपयोग? आणि त्या विद्यार्थिनीला तरी श्रेय कसे मिळणार?

म्हणून हा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. मार्गदर्शकाने 'निबंध किती झाले?' विचारण्याआधी 'कुठे छापतोस, तिथे कोण तपासते?' हे विचारावे. विभागाने पहिल्याच सत्रात दोन तास यासाठी द्यावेत. निवड समितीने दहा निबंधांची यादी मोजण्याऐवजी उमेदवाराचा एक निबंध वाचावा. आणि विद्यार्थ्याने आपल्या कामावर एक पान मराठीत लिहावे; ज्यांच्या शेतातून नमुने घेतले, ज्यांचे रक्त तपासले, त्यांना कळेल असे. जगाने नाव वाचण्याआधी गावाने काम समजून घेतले, तर काढलेले नाव टिकते.