दंड गाडीला की माणसाला?

उज्जैनच्या देवास गेटवर वेगाचा गुन्हा करायचे ठरवले तरी ते जमणार नाही. जवळच रेल्वे स्टेशन, बसस्टँड, माधव कॉलेज, लॉज आणि धर्मशाळा. त्यात महाकालाच्या दर्शनाला आलेल्यांना घेऊन धावणाऱ्या ई-रिक्षा आणि त्यांच्यातून वाट काढणाऱ्या एमएच नंबरच्या गाड्या. इथे गाडी दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते. तरीही शिंद्यांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या मराठी घरांना वेगाच्या दंडाबद्दल चार गोष्टी सांगायची वेळ आली आहे, कारण या घरांतली मुले आता ज्या रस्त्यांवर गाडी चालवतात ते रस्ते मोकळे असतात आणि तिथल्या पाट्यांवरचे आकडे पुष्कळदा मैलांत असतात.

शिकायला किंवा नोकरीला नव्याने गेलेला मुलगा, त्याच्याकडे तीन-चार महिने राहायला गेलेले आईवडील, युरोपात भाड्याची गाडी घेऊन फिरणारे जोडपे, या सगळ्यांच्या खिशात असतो तो इथल्या आरटीओने दिलेला परवाना. सोबत बहुधा आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका असते. आणि मनात हिशेब असतो की परवाना आपल्या गावचा, तेव्हा तिथला दंड आपले काय वाकडे करणार? थोड्या दिवसांनी परतच यायचे आहे. हा हिशेब चुकतो. पण तो करणाऱ्याला हसण्याचे कारण नाही, कारण हे गणित त्याला आपल्याच व्यवस्थेने शिकवले आहे.

आपल्याकडे काय होते ते पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, हलके वाहन मर्यादेबाहेर पळवल्याबद्दल एक ते दोन हजार रुपये दंड आहे. जागेवर तडजोडीने किती घ्यायचे हे राज्य ठरवते. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आणला. यंत्र प्रमाणित हवे, कॅमेरा असल्याचा फलक रस्त्यावर हवा, पंधरा दिवसांत नोटीस गेली पाहिजे, असे हा नियम सांगतो. त्यासोबतच्या शहरांच्या यादीत उज्जैन आहे आणि देवासही आहे. कागदावर सगळे चोख. प्रत्यक्षात मेसेज जातो गाडीच्या मालकाला. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा ओलांडली जावयाने, आणि फोन वाजला उज्जैनला सासऱ्यांचा. गाडी कोण चालवत होते हे सांगण्याची जबाबदारी कलम १३३ ने मालकावर टाकलेली आहे, पण ते विचारायला सहसा कोणी येत नाही. पैसे भरले की मिटले. नाही भरले तर प्रकरण लोकअदालतीची वाट बघत पडून राहते.

कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या दंडावर पन्नास टक्के सूट दिली आणि भरणाऱ्यांची झुंबड उडाली. ज्यांनी वेळेवर पूर्ण रक्कम भरली होती त्यांनी काय समजायचे? सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना कळवले होते की बेफाम वेगासाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. ज्याचा परवाना असा निलंबित झाला, असा माणूस आपल्या ओळखीत किती जणांना सापडेल? थोडक्यात, आपल्या मनात चालान म्हणजे गाडीच्या नावाने आलेले वीजबिल. ते थकते, कधी माफ होते, गाडी विकताना एकदाचे चुकते केले जाते. चालवणाऱ्या माणसाला ते चिकटत नाही.

परदेशात ते चिकटते. ब्रिटनचे उदाहरण घेऊ. कॅमेऱ्यात गाडी सापडली की चौदा दिवसांत नोंदणीकृत मालकाला नोटीस जाते. इथवर आपल्यासारखेच. मात्र नोटिशीबरोबर प्रश्नही येतो, की त्या वेळी चाकामागे कोण होते? उत्तर अठ्ठावीस दिवसांत द्यावे लागते. ते टाळले तर तो वेगळा गुन्हा होतो आणि त्याला परवान्यावर नोंदले जाणारे सहा दंडाचे पॉइंट आहेत. वेगाच्या साध्या गुन्ह्याला किमान शंभर पौंड आणि तीन पॉइंट असतात. तीन वर्षांत बारा पॉइंट झाले की गाडी चालवण्यावर बंदीची वेळ येते. परवाना मध्य प्रदेशचा असेल तर हे पॉइंट लिहिणार कुठे, अशी शंका कुणालाही येईल. तिची सोय झालेली आहे. डीव्हीएलए हे तिथले परवाना खाते त्या माणसाच्या नावाने एक नोंद उघडते आणि पॉइंट तिच्यावर चढतात. भारतीय परवान्यावर तिथे बारा महिने गाडी चालवता येते, त्यानंतर तिथली परीक्षा द्यावी लागते. परीक्षा पास होऊन ब्रिटिश परवाना हाती येतो तेव्हा जुनी नोंद आधीच हजर असते. नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत सहाच पॉइंटची मुभा आहे, तेवढे झाले की परवाना रद्द. तीन पॉइंट घेऊन आलेल्याने निम्मी शिल्लक आधीच संपवलेली असते.

याच ठिकाणी आपल्या घरांत एक मोह होतो, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मुलाच्या खात्यावर आधीच सहा-नऊ पॉइंट आहेत. बाबा उज्जैनहून आलेले आहेत, त्यांच्याकडे परवाना आहे, पुढच्या महिन्यात ते परत जाणार आहेत. मग "बाबा चालवत होते" असे लिहून दिले तर कुणाचे काय गेले? बाबाही आनंदाने हो म्हणतील. मुलासाठी एवढे न करणारा बाप आपल्याकडे विरळा. पण तिथे हा न्यायप्रक्रियेत अडथळा आणण्याचा गुन्हा ठरतो. ब्रिटनचे माजी मंत्री ख्रिस ह्यून यांनी २००३ मधल्या वेगाच्या गुन्ह्याचे पॉइंट पत्नीच्या नावावर टाकले होते. दहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. ऑस्ट्रेलियात मार्कस आइनफेल्ड हे संघीय न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २००६ मध्ये आलेला ७७ डॉलरचा दंड चुकवण्यासाठी त्यांनी शपथेवर सांगितले की गाडी एक परिचित प्राध्यापिका चालवत होत्या. त्या बाई तोवर वारलेल्या होत्या. २००९ मध्ये न्यायाधीशमहाशय तुरुंगात गेले. दंड मुकाट्याने भरला असता तर ही दोन्ही नावे आज या संदर्भात कुणाला आठवलीही नसती. मंत्री आणि न्यायाधीश जिथे सुटले नाहीत तिथे पर्यटक व्हिसावर आलेल्या बाबांच्या खोट्या कबुलीने त्यांचा पुढचा व्हिसाही धोक्यात येतो आणि मुलाची नोकरीही.

आता त्या पुस्तिकेविषयी. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याकडे आरटीओ देते. अर्ज नमुना ४-अ मध्ये करायचा, फी हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. देशभर एकच नमुना असावा म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये क्यूआर कोडसह नवी रचना ठरली. ही पुस्तिका स्वतंत्र परवाना नव्हे. मूळ परवाना सोबत नसेल तर तिला किंमत नाही. ती संरक्षण देते असाही समज आहे, पण ज्या १९४९ च्या जिनिव्हा करारावर ती उभी आहे त्यात उलटी तरतूद आहे. यजमान देशाच्या कायद्याने परवाना जप्त होण्याजोगा गुन्हा पाहुण्याने केला, तर तो देश त्याचा गाडी चालवण्याचा हक्क काढून घेऊ शकतो, तो देश सोडेपर्यंत पुस्तिका स्वतःकडे ठेवू शकतो, तिच्यावर तशी नोंद करू शकतो आणि ती देणाऱ्या कार्यालयाला कळवू शकतो. कराराने ठरवलेल्या नमुन्यात या नोंदीसाठी जागाच राखून ठेवली आहे. पंचाहत्तर वर्षांपूर्वी हा करार करणाऱ्यांनी गृहीत धरले होते की वेगाची चटक असलेला माणूस सीमा ओलांडेल, आणि त्याची कीर्ती त्याच्या मागोमाग घरी पोचली पाहिजे.

अमेरिकेत ब्रिटनसारखे एकच खाते नाही. परवाना राज्याचा, कायदा राज्याचा, कोर्ट काउंटीचे. पोलिसाने थांबवले की आपल्या सवयीप्रमाणे खाली उतरून साहेबांकडे चालत जाणे हा तिथे सर्वांत वाईट निर्णय. गाडीतच बसावे, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. जागेवर काही देऊन मिटवण्याची भाषा केली तर वेगाच्या गुन्ह्याला लाचेची जोड मिळते. तिकिटावर सही मागितली तर ती कबुली नसते, ठरल्या तारखेपर्यंत हजर राहण्याचे किंवा दंड भरण्याचे ते वचन असते. ते मोडले की अनेक राज्यांत अटकेचे वॉरंट निघते. दीडशे डॉलरचे प्रकरण असे हाताबाहेर जाते. व्हर्जिनियात, जिथे वॉशिंग्टनच्या उपनगरांत बरीच मराठी कुटुंबे आहेत, मर्यादेपेक्षा ताशी वीस मैल जास्त किंवा कोणत्याही रस्त्यावर ८५ मैलांच्या, म्हणजे साधारण १३७ किलोमीटरच्या, वर वेग असेल तर तो साधा वाहतूक नियमभंग राहत नाही. तो फौजदारी गुन्हा होतो आणि त्याला बारा महिन्यांपर्यंत कैद आहे. व्हिसाच्या अर्जात अटक किंवा शिक्षा झाली आहे का हे विचारतात, तेव्हा हा गुन्हा लिहावा लागू शकतो.

साध्या तिकिटाने व्हिसा जात नाही, हे सर्वसाधारणपणे खरेच आहे. पण २०२५ च्या वसंतात या भरवशालाही तडा गेला. अमेरिकी सरकारने परदेशी विद्यार्थ्यांची सुमारे १३ लाख नावे गुन्हे नोंदींच्या राष्ट्रीय डेटाबेसमधून फिरवली. सुमारे ६,४०० नावे जुळली आणि हजारो विद्यार्थ्यांच्या इमिग्रेशन नोंदी संपवण्यात आल्या. जुळणे म्हणजे दोषी ठरणे नव्हते. निकालात निघालेली, मागे घेतलेली प्रकरणेही त्यात आली. तिथल्या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने तपासलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मे विद्यार्थी भारतीय होते. मिशिगनमध्ये चार विद्यार्थी कोर्टात गेले. त्यांतल्या भारतीय विद्यार्थ्याच्या नावावर वेगाचा एक आणि पार्किंगचा एक दंड होता, दोन्ही भरलेले. कोर्टांनी एकामागून एक स्थगिती दिल्यावर २५ एप्रिलला सरकारने माघार घेतली आणि नोंदी पूर्ववत करायला घेतल्या. त्या कारवाईचे समर्थन करता येत नाही. दंड भरूनही माणूस यादीत येतो, ही सरकारची चूक आहे. पण न भरलेला दंड घेऊन अशा चाळणीसमोर उभे राहणे कुणाला परवडेल?

युरोपात फिरणाऱ्यांचा प्रश्न सोपा आहे, फक्त तो उशिरा कळतो. भाड्याची गाडी परत केली, आठवणी फेसबुकवर टाकल्या, आणि काही महिन्यांनी कार्डावरून पैसे कापले जातात. तो दंड नसतो; पोलिसांना तुमचे नाव-पत्ता कळवल्याबद्दल कंपनीने घेतलेली फी असते. खरी नोटीस मागून येते. इटलीत परदेशी राहणाऱ्यांना नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे. फिनलंडमध्ये तर मोठ्या वेगाचा दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो: जून २०२३ मध्ये ५० च्या टापूत ८२ ने गेलेल्या एका धनाढ्य उद्योजकाला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. गाडी कोणती होती याला तिथे काही महत्त्व नव्हते.

हे सगळे आरटीओच्या खिडकीवर सांगितले जायला हवे. पुस्तिका देताना पत्ता, फोटो आणि फी तपासली जाते. जायच्या देशात तिची मुदत किती, नोटीस आली तर काय करायचे, दुसऱ्याचे नाव का द्यायचे नाही, याचा एक छापील कागद सोबत द्यायला खर्च काय येणार आहे? पण कागदाने सवय बदलत नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनकडे येणारे रस्ते रुंद होत आहेत. इंदूर रस्त्याचे सहापदरीकरण झाले की देवास गेटवर अडणारी गाडी शहराबाहेर पडताच सुसाट सुटेल. त्या रस्त्यांवर कॅमेरे बसवताना पोलिसांनी दंडाची रक्कम वाढवण्याच्या मागे लागू नये. मालकाला जाणाऱ्या मेसेजमध्ये कलम १३३ चा प्रश्न घालावा, उत्तर येईपर्यंत चालान मिटले असे मानू नये, आणि आलेले नाव गाडीच्या नोंदीऐवजी त्या माणसाच्या परवान्याच्या नोंदीवर चढवावे. वाहन आणि परवाना या दोन्हींचे राष्ट्रीय डेटाबेस तयार आहेत. त्यांची गाठ घालण्याचे काम परिवहन खात्याचे आहे, आणि सिंहस्थाआधी त्यासाठी वेळही आहे.